भाजलेल्या व धुरी दिलेल्या मांसासाठी कमी मिठाचा कोरडा मसाला

आखाडातील जेवणे, थंडीतील पोपटी आणि जत्रेचा पाहुणचार यानिमित्ताने निखाऱ्यावर मांस भाजण्याची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. आता कृषी पर्यटन केंद्रे, धाबे व शहरातील हौशी मंडळी यांच्यामुळे तंदूर, शेगडी व बार्बेक्यूवर भाजलेल्या कोंबडीला आणि बोकडाच्या मांसाला चांगली मागणी असते. परंतु ज्या घरात हे जेवण होते त्याच घरात रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे एखादे वडीलधारे माणूस असते. त्यांच्यासाठी वेगळे अळणी शिजवले जाते, नाही तर "एक दिवस खाल्ल्याने काय होते" म्हणून सर्वांबरोबर तेच वाढले जाते. या दोन्ही गोष्टी टाळता येतात. मसाला बिनमिठाचा करावा, मीठ वेगळे मोजून घालावे, म्हणजे एकाच शेगडीवर सर्वांचे जेवण होते.

धने, मिरची, हळद, लसूण, आले हा माल बहुतेक शेतकरी कुटुंबांच्या घरचाच असतो. त्यापासून असा मसाला कसा तयार करावा, मीठ कोठे कमी करावे आणि कोठे मुळीच कमी करू नये, याची माहिती या लेखात दिली आहे.

मीठ किती असावे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. ५ ग्रॅम म्हणजे साधारण चहाचा एक सपाट चमचा. मिठात वजनाच्या सुमारे ४० टक्के सोडियम असते. म्हणजे ५ ग्रॅम मिठातून सुमारे २,००० मिलिग्रॅम सोडियम पोटात जाते. सोडियम जास्त झाल्यास रक्तदाब वाढतो आणि त्याचा ताण हृदय, मेंदू व मूत्रपिंडांवर पडतो. हा आजार बराच काळ कोणतेही लक्षण दाखवत नाही, त्यामुळे तो अधिक घातक ठरतो.

आता भाजलेल्या मांसाचा हिशोब पाहू. एक किलो मांसाला चहाचे तीन चमचे, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम मीठ लावले आणि ते पाच माणसांनी खाल्ले, तर प्रत्येकाच्या वाट्याला जवळजवळ ३ ग्रॅम मीठ येते. भाजताना थोडे रसाबरोबर गळते हे खरे, तरीही दिवसाच्या मर्यादेचा निम्म्याहून अधिक भाग या एकाच पदार्थात संपतो. त्यावर रस्सा, लोणचे, पापड व चाट मसाला असतोच. हेच मीठ किलोला ५ ग्रॅमवर आणले तर प्रत्येकाच्या वाट्याला १ ग्रॅम येते. ज्वारी-बाजरीच्या भाकरीत बहुधा मीठ नसते, ही आपल्या जेवणातील जमेची बाजू आहे.

तयार मसाले घेताना पाकिटावरील घटकांची यादी वाचावी. यादीत घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने दिलेले असतात. मीठ पहिल्या दोन-तीन घटकांत असेल तर आपण मसाल्याच्या भावाने मीठ विकत घेत आहोत असे समजावे. सैंधव, काळे मीठ व पादेलोण हीसुद्धा मुख्यतः सोडियमयुक्त मिठेच आहेत. त्यांचा वापर केल्याने मीठ कमी होत नाही. खाण्याचा सोडा व अजिनोमोटो यांतूनही सोडियम जाते.

मिठाची दोन कामे

मांसामध्ये मीठ दोन वेगवेगळी कामे करते आणि या दोहोंत गल्लत होऊ देऊ नये.

पहिले काम चवीचे. मीठ स्वतःची चव देते, इतर चवी उठावदार करते आणि मांसातील प्रथिनांवर परिणाम करून रस धरून ठेवण्यास मदत करते. जे मांस भाजून लगेच खायचे आहे त्यात मिठाचे एवढेच काम असते. हे काम बऱ्याच अंशी आंबट, तिखट व सुवासिक पदार्थांकडून करून घेता येते.

दुसरे काम टिकवण्याचे. भरपूर मीठ मांसातील पाणी ओढून घेते व बांधून ठेवते, त्यामुळे जंतूंना वाढीसाठी पाणी मिळत नाही. खारवलेली मासळी, मीठ-हळद लावून वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या, मीठ, मिरची व व्हिनेगर लावून वाळवलेले किंवा धुरावलेले गोव्याचे चोरीस हे सर्व पदार्थ मिठाच्या आधाराने टिकतात. हे काम कोणताही मसाला करू शकत नाही.

म्हणून नियम सोपा आहे. आज भाजून आजच खायचे असेल तर मीठ कमी करावे. साठवून ठेवण्यासाठी मांस खारवायचे असेल तर ठरलेल्या मिठात काटछाट करू नये. रक्तदाब असणाऱ्यांनी असे खारवलेले पदार्थ कमी खावेत.

मीठ कमी केल्यावर चव कशी राखावी?

१) आंबटपणा : आमचूर, बिनमिठाच्या आमसुलाची पूड, चिंच व लिंबू यांच्यामुळे मिठाची उणीव फारशी जाणवत नाही. कोकमाच्या आगळात भरपूर मीठ असते, म्हणून आगळ वापरू नये. आमसुले विकत घेतल्यास ती खारट नाहीत ना, हे चाखून पाहावे.

२) तिखटपणा व रंग : ब्याडगी मिरची रंगास चांगली व तिखटास सौम्य असते, त्यामुळे ती जास्त प्रमाणात घालता येते. लवंगी किंवा गुंटूर मिरची घ्यायची असल्यास प्रमाण कमी करावे. काळी मिरी व सुंठ यांचा तिखटपणा वेगळा असतो, तो जरूर ठेवावा.

३) लसूण व कांदा : वाळवून केलेल्या भुकटीमुळे मसाल्याला भरदार चव येते. कोरड्या मसाल्यात मिठाची जागा भरून काढणारा हा सर्वांत उपयुक्त घटक आहे.

४) खमंगपणा : मसाले मंद आचेवर भाजल्याने वास व चव दोन्ही वाढतात. मांसाच्या पृष्ठभागाला निखाऱ्यावर आलेला तांबूस रंग व धुराचा वास याच कामी येतो.

५) सवय : मीठ एकदम कमी केल्यास घरची मंडळी नाखूश होतात. किलोला १५ ग्रॅमवरून १० ग्रॅम, नंतर ७ ग्रॅम व शेवटी ५ ग्रॅम असे टप्प्याटप्प्याने कमी करावे. काही आठवड्यांत जिभेला सवय होते आणि पूर्वीचे जेवण खारट वाटू लागते.

कच्च्या मालाची तयारी

मिरची जमिनीवर, मातीत वाळवू नये. स्वच्छ ताडपत्रीवर, सिमेंटच्या खळ्यावर किंवा सौर वाळवणी यंत्रात वाळवावी. ओलसर राहिलेल्या मिरचीवर बुरशी येते व त्यात अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होऊ शकते. मिरची भाजल्याने किंवा कुटल्याने हे विष पूर्णपणे जात नाही. म्हणून बुरशीचा वास येणारी, आतून काळी पडलेली मिरची काढून टाकावी.

लसणाच्या पाकळ्या सोलून २ ते ३ मि.मी. जाडीचे काप करावेत. कांद्याचेही पातळ काप करावेत. वाळवणी यंत्र असल्यास ५५ ते ६० अंश सेल्सिअस तापमानाला वाळवावेत, नाही तर मलमलीचे कापड झाकून कडक उन्हात वाळवावेत. काप वाकवल्यावर कडकन मोडला पाहिजे. काप लवचीक राहिले तर मसाल्यात गोळे होतात.

कोकणातील नारळ-सुपारीच्या बागांत मिरी, दालचिनी व जायफळ ही आंतरपिके घेतली जातात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने दालचिनीची 'कोकण तेज' व जायफळाची 'कोकण सुगंधा' या जाती दिल्या आहेत. ज्यांच्याकडे ही झाडे आहेत त्यांनी जायपत्री व दालचिनीची साल व्यवस्थित वाळवून या मसाल्यासाठी राखून ठेवावी.

मसाल्याचे प्रमाण

पुढील प्रमाण प्रत्येकी १०० ग्रॅम मसाल्यासाठी आहे. दोन्हींत मीठ नाही.

मसाला क्र. १ (कोंबडीसाठी)
धने ३० ग्रॅम
ब्याडगी मिरची २० ग्रॅम
जिरे १२ ग्रॅम
आमचूर १० ग्रॅम
लसूण भुकटी ८ ग्रॅम
काळी मिरी ६ ग्रॅम
हळद ५ ग्रॅम
सुंठ ५ ग्रॅम
दालचिनी २ ग्रॅम
लवंग १ ग्रॅम
जायपत्री १ ग्रॅम

मसाला क्र. २ (बोकडाच्या किंवा मेंढीच्या मांसासाठी)
धने २५ ग्रॅम
ब्याडगी मिरची २५ ग्रॅम
काळी मिरी ८ ग्रॅम
बडीशेप ८ ग्रॅम
जिरे ८ ग्रॅम
कांदा भुकटी ७ ग्रॅम
सुंठ ६ ग्रॅम
दगडफूल ३ ग्रॅम
दालचिनी ३ ग्रॅम
मसाला वेलदोडा ३ ग्रॅम
लवंग २ ग्रॅम
तमालपत्र २ ग्रॅम

सुके खोबरे व तीळ या मसाल्यात घालू नयेत. त्यातील तेलामुळे मसाला लवकर खवट होतो आणि निखाऱ्यावर करपतो. साखर किंवा गूळही घालू नये. गोडसर चव हवी असल्यास भाजणे संपण्याच्या पाच मिनिटे आधी गुळाचे पाणी वरून लावावे. आधी लावलेला गूळ जळून कडवट होतो.

मसाला करण्याची कृती

अख्खे मसाले निवडून घ्यावेत. धने, जिरे, बडीशेप, मिरी, लवंग, दालचिनी, जायपत्री, मसाला वेलदोडा, दगडफूल व तमालपत्र हे पदार्थ मंद आचेवर वेगवेगळे, वास सुटेपर्यंत भाजावेत. देठ काढलेली मिरची वेगळी, फक्त कुरकुरीत होईपर्यंत गरम करावी. ती काळी पडू देऊ नये. हळद, सुंठ, आमचूर, लसूण व कांदा भुकटी भाजू नये.

सर्व पदार्थ पूर्ण थंड झाल्यावर जरा भरड दळावेत. फार बारीक पूड मांसावर चिखलासारखी बसते व लवकर करपते. शेवटी भुकट्या मिसळून दोन वेळा चाळावे. मसाला गरम असताना भरल्यास झाकणाखाली वाफ धरते व गोळे होतात. कोरड्या काचेच्या बरणीत, उजेड व ओल यांपासून दूर ठेवल्यास दोन ते तीन महिने वास चांगला राहतो.

मीठ नसल्याने मसाला टिकणार नाही, अशी शंका काही भगिनी घेतात. मसाला टिकतो तो कोरडेपणामुळे. उलट मीठ हवेतील ओल ओढून घेते. म्हणून बिनमिठाचा मसाला नीट वाळवलेला असेल तर काळजीचे कारण नाही. ओला लसूण वाटून घातलेला मसाला मात्र साठवू नये, त्याच दिवशी वापरावा.

मांसाला मसाला लावणे व भाजणे

एक किलो मांसाला ३५ ग्रॅम मसाला, १५ मि.लि. तेल व एकूण ५ ग्रॅम मीठ हे प्रमाण घ्यावे.

मांस धुऊन स्वच्छ चाळणीत निथळावे व वरचे पाणी स्वच्छ कापडाने टिपून घ्यावे. ओल्या मांसावर कोरडा मसाला धरत नाही. कोंबडीच्या मोठ्या तुकड्यांना एक सें.मी. खोल चिरा द्याव्यात. आधी तेल व ३ ग्रॅम मीठ चोळावे, नंतर मसाला चिरांमध्ये व सर्व बाजूंनी दाबून चोळावा. उरलेले २ ग्रॅम मीठ अगदी बारीक करून बाजूला ठेवावे. मांस शेगडीवरून उतरल्यावर ते वरून भुरभुरावे व लिंबू पिळावे. पृष्ठभागावरचे बारीक मीठ जिभेला लगेच लागते, म्हणून थोडे मीठही पुरेसे वाटते. ज्यांना पथ्य आहे त्यांचे तुकडे हे मीठ भुरभुरण्यापूर्वी काढून ठेवावेत. पथ्य अधिक कडक असेल तर सुरुवातीचे ३ ग्रॅमही त्यांच्या तुकड्यांना लावू नये.

मीठ कमी असले की मांस कोरडे होण्याचा संभव वाढतो. त्यासाठी दोन-तीन चमचे घट्ट दही लावावे, तुकडे फार लहान करू नयेत आणि गरजेपेक्षा जास्त भाजू नये. जून मांसासाठी कच्च्या पपईचा कीस थोडा व अर्धा-पाऊण तासच लावावा. जास्त वेळ ठेवल्यास मांस पिठूळ होते.

शीतकपाट असल्यास मसाला लावलेले मांस त्यात दोन ते चार तास ठेवावे. नसल्यास मसाला लावून अर्ध्या तासात भाजायला घ्यावे. कच्चे मांस बाहेर दोन तासांपेक्षा जास्त आणि उन्हाळ्यात एक तासापेक्षा जास्त ठेवू नये. कमी मिठाच्या मांसाला ही काळजी विशेष घ्यावी लागते.

बोकडाचे मांस थेट निखाऱ्यावर चिवट राहते. ते आधी बिनमिठाच्या पाण्यात अर्धवट शिजवावे, निथळून टिपावे व नंतर मसाला लावून भाजावे. शिजवलेले पाणी रश्शासाठी वापरावे.

ज्वाळा संपून निखाऱ्यावर पांढरी राख धरल्यावरच मांस ठेवावे. कोंबडी हाडाजवळ ७४ अंश सेल्सिअसपर्यंत तापली म्हणजे खाण्यास सुरक्षित होते. टोकदार तापमापक बाजारात मिळतो. विक्रीसाठी भाजणाऱ्यांनी तो अवश्य घ्यावा. घरी तुकडा चिरून पाहावा, हाडाजवळ गुलाबी रंग व लालसर रस दिसता कामा नये.

रायगड भागातील पोपटीतही हा मसाला चालतो. वालाच्या शेंगा, अंडी व मसाला लावलेली कोंबडी भांबुर्डीच्या पाल्यात घालून मडके लावताना जाडे मीठ मुठीने टाकण्याची सवय असते. पाल्याचा व ओव्याचा वास मुळातच तीव्र असल्याने तेथे मीठ निम्म्यावर आणले तरी चवीत उणे पडत नाही.

धुरी देताना घ्यावयाची काळजी

धुरासाठी आंबा, पेरू, चिकू किंवा बाभळीचे पूर्ण वाळलेले लाकूड अथवा दाणे काढलेली मक्याची कणसे वापरावीत. कण्हेर, शेर व बिब्बा यांचे लाकूड धुरासाठी, जळणासाठी किंवा सळईसाठी कदापि वापरू नये, ते विषारी अथवा अपायकारक आहे. रंग दिलेले लाकूड, प्लायवूड, रबर व प्लॅस्टिक जाळू नये.

चरबी निखाऱ्यावर गळून उठणाऱ्या दाट धुरात आरोग्यास घातक द्रव्ये असतात. म्हणून जादा चरबी आधी काढावी, मांस निखाऱ्याच्या थेट वर न ठेवता थोडे बाजूला ठेवावे आणि काळा पडलेला भाग काढून टाकावा. फक्त वास हवा असेल तर शिजलेल्या मांसात वाटी ठेवून, त्यात पेटता कोळसा व वर थोडे तूप घालून पाच मिनिटे झाकण लावावे. या धुंगाराने मीठ न वाढवता चव वाढते.

धूर मांसाच्या वरच्या थरापुरताच पोहोचतो. कमी मिठाचे मांस धुरी दिल्यामुळे टिकाऊ होत नाही. असे मांस प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून बाहेर ठेवणे फारच धोक्याचे आहे. हवा नसलेल्या ठिकाणी विष तयार करणारे जंतू वाढतात आणि त्यांचा वास किंवा चव नेहमीच कळते असे नाही. उरलेले मांस दोन तासांच्या आत शीतकपाटात ठेवावे, तीन दिवसांत संपवावे व खाण्यापूर्वी वाफा येईपर्यंत गरम करावे.

कमी सोडियमचे मीठ वापरावे का?

बाजारात मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठात काही भाग पोटॅशियम क्लोराईडचा असतो. निरोगी माणसाला ते चालते. परंतु ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांच्या शरीरात पोटॅशियम साठून हृदयाला धोका पोहोचू शकतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळेही शरीरातील पोटॅशियम वाढते. म्हणून अशा रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ वापरू नये. बिनमिठाच्या मसाल्याबाबत हा प्रश्न येत नाही.

विक्रीसाठी मसाला करणाऱ्यांना सूचना

महिला बचत गटांना हा मसाला धाबे, कृषी पर्यटन केंद्रे व शहरी ग्राहकांना विकता येईल. त्यासाठी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची नोंदणी किंवा परवाना घ्यावा लागतो. वेष्टनावर सर्व घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची व वापरण्याची तारीख द्यावी. "यात मीठ घातलेले नाही, मीठ वेगळे मोजून घालावे" अशी सूचना ठळक छापावी, नाही तर ग्राहक पहिल्याच वेळी अळणी म्हणून नाके मुरडतो. किलोला ३५ ग्रॅम मसाला लागतो, तेव्हा ३५ ग्रॅमची छोटी पाकिटे सोयीची पडतात. प्रयोगशाळेत तपासणी केल्याशिवाय "कमी सोडियम" असे छापू नये. मसाल्याने रक्तदाब बरा होतो असा दावा तर कधीही करू नये.

लक्षात ठेवा

* मसाला बिनमिठाचा करावा, मीठ वेगळे मोजून घालावे.
* किलोभर मांसाला ५ ग्रॅम मीठ पुरे, त्यातील २ ग्रॅम वरून भुरभुरावे.
* पथ्याचे तुकडे आधी काढून ठेवावेत.
* आंबट, लसूण व खमंग भाजणी यांनी चव भरून काढावी.
* कमी मिठाचे भाजलेले वा धुरी दिलेले मांस त्याच दिवशी खावे.
* साठवणुकीसाठी खारवण्याच्या पदार्थांत मीठ कमी करू नये.

शेतकरी भगिनींनी या हंगामात प्रथम १०० ग्रॅमच मसाला करून पाहावा. घरच्या मंडळींच्या आवडीनुसार मिरची व आमचूर कमी-जास्त करावे आणि मग मोठ्या प्रमाणावर दळावे. मीठ मात्र चमच्याने मोजूनच घालावे.